इंटेन्सिव्ह फिजिओथेरपी सुरू करण्याआधी: नाशिकच्या एका बापाची टिपणं

आमची लेक दीड वर्षाची होती तेव्हा दिवाणाला धरून उभी राहायची, पण टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत. चवड्यांवर उभी. माझी आई कौतुकाने म्हणायची, "नाच शिकणार ही." शेजारच्या काकूंनी सांगितलं, आमचा धाकटाही दोन वर्षं चालला नव्हता, आता बघा कसा उंडारतो. आम्हालाही तेच ऐकायचं होतं. त्यात सहा महिने गेले.

ती तिसाव्या आठवड्यात जन्मली होती. एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) सोडताना फॉलोअपला यायला सांगितलं होतं. दोनदा गेलो, वजन छान वाढतंय म्हणून पुढे गेलोच नाही. आता ती सहा वर्षांची आहे. निदान स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा असा प्रकार ज्यात हातांपेक्षा पाय जास्त ताठर असतात. या काळात आम्ही दोनदा इंटेन्सिव्ह थेरपी, म्हणजे थोडे आठवडे रोज काही तास अशी दाट फिजिओथेरपी, केली. पहिल्या वेळचे तीन आठवडे जवळजवळ वाया गेले, दुसऱ्या वेळी फरक पडला. सामान दोन्हीकडे सारखंच होतं, तासही साधारण तेवढेच. फरक कुठे पडला ते सांगायला हे लिहितोय. मी अंबडला कारखान्यात मेंटेनन्स बघतो, डॉक्टर नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

१. आधी निदान, मग घाम

ढोबळ खुणा अशा: चार महिन्यांपर्यंत मान धरणं, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसणं, अठरा महिन्यांपर्यंत चालणं. याच्या पुढे गेलं तर "आमच्याकडे सगळेच उशिरा चालतात" हे वाक्य बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जा. काही खुणा याहून वेगळ्या, पण तितक्याच महत्त्वाच्या: चार महिन्यांनंतरही मुठी सतत आवळलेल्या राहणं, लंगोट बदलताना मांड्या फाकल्याच न जाणं, वर्षाच्या आतच एकच हात वापरणं. सहा महिन्यांचं बाळ डावखुरं नसतं. ते एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताला काहीतरी अडचण आहे असं समजा.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर दोन वर्षांपर्यंत सुधारित वय मोजतात. आमची लेक दहा आठवडे आधी आली, म्हणून तिच्या वयातून दहा आठवडे वजा करायचे. पण हा हिशेब पळवाट म्हणून वापरू नका. आम्ही तेच केलं. तो धरूनही ती उशिराच होती.

फिजिओकडे धावण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: उशीर कशामुळे? डॉक्टर गरजेप्रमाणे मेंदूचा एमआरआय, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, डोळे आणि कान तपासायला सांगतात. रक्तातली सीपीके ही एक साधी तपासणी आहे, तिच्याबद्दल मुद्दाम विचारा. मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या स्नायूंच्या आजारात ती खूप वाढलेली येते. अशा मुलाकडून वजन लावून, दमेपर्यंत व्यायाम करून घेतला तर स्नायूंचं नुकसान होतं. म्हणजे जी गोष्ट माझ्या लेकीला उपयोगी, तीच दुसऱ्याच्या मुलाला घातक. जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकवत टेकवत वर येतं का, पोटऱ्या फुगीर दिसतात का, हे बघून ठेवा आणि सांगा. आधी जमणारी गोष्ट जमेनाशी झाली असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका.

एमआरआयची तारीख महिन्यावर मिळाली म्हणून तोवर घरी बसायचं असाही अर्थ नाही. साधी थेरपी, कसं बसवायचं, कसं उचलायचं, हे शिकणं लगेच सुरू करा. थांबायचं ते फक्त इंटेन्सिव्हसाठी.

२. नाशिकमध्ये सुरुवात कुठून

पैसे मोजण्याआधी सिव्हिलला जा. त्र्यंबक नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे विकासातले उशीरही येतात, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय धरलेली आहे. केसपेपर काढताना खिडकीवर "डीईआयसी कुठे?" असंच विचारा, लांबलचक मराठी नावाने कोणी ओळखत नाही. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडच्या लोकांनी अंगणवाडीत विचारावं. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांत तपासणीला येतात आणि तीच पुढची चिठ्ठी देतात.

दुसरी जागा आडगावचं मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक संस्थेचं) मेडिकल कॉलेज आणि फिजिओथेरपी कॉलेज. कॉलेजच्या ओपीडीत खर्च कमी येतो, वेळ जास्त जातो. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, नाशिकरोड इकडे खासगी केंद्रं आहेत. दुसरं मत हवं असेल तर मुंबई. आम्ही सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतरलो आणि हाजीअलीच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत गेलो. नाशिकच्या निदानापेक्षा वेगळं काही निघालं नाही, पण बायकोला त्या रात्री झोप लागली. तो तिकिटाचा खर्च मी वाया धरत नाही.

थेरपिस्टची नोंदणी बघा. महाराष्ट्रात फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची स्वतंत्र राज्य परिषद आहे आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या माणसाने तो भिंतीवर लावलेलाच असतो.

३. 'इंटेन्सिव्ह' म्हणजे काय, आणि काय नव्हे

नेहमीची थेरपी आठवड्याला दोन-तीन सेशन, प्रत्येकी पाऊण तास. इंटेन्सिव्हमध्ये तेच काम थोड्या दिवसांत दाटून करतात. प्रचलित साचा रोज तीन ते चार तास, आठवड्याला पाच दिवस, तीन आठवडे. अर्ध्या अंगाला त्रास असलेल्या मुलांसाठी वेगळा प्रकार असतो: चांगल्या हाताला हातमोजा किंवा प्लास्टर घालून अडकवतात आणि दुबळ्या हाताकडून खेळ करवून घेतात, किंवा दोन्ही हात लागतील अशीच कामं देतात.

केंद्रात पिंजरा दिसेल, त्यात दोऱ्या, कप्प्या, वजनं. सूट दिसेल, त्याला रबरी पट्टे. तो सूट सोव्हिएत अंतराळवीरांच्या 'पेंग्विन' सूटवरून आला. वजनरहित अवस्थेत स्नायू सुकू नयेत म्हणून तो बनवला होता. गोष्ट भारी आहे, आम्हीही तिच्यावर भाळलो. पण सूटमुळे मिळणारा जादा फायदा अभ्यासांत किरकोळच निघालाय. म्हणजे सूट वाईट नाही, फक्त त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नका. उन्हाळ्यात तर त्यात मूल उकडून निघतं.

उपयोग कशाचा होतो याबद्दल आता बरीच स्पष्टता आहे: मुलाने स्वतः, स्वतःच्या ताकदीवर, खऱ्या कामाचा पुन्हा पुन्हा सराव करणं. टेबलावर झोपवून कोणीतरी पाय वाकवणं-सरळ करणं, मालिश, नुसतं ताणणं, याने हालचाल शिकली जात नाही. हाताच्या सरावावरच्या अभ्यासांचा हिशेब २०२० मध्ये मांडला गेला. त्यात ठरवलेलं एखादं काम जमायला साधारण १४ ते २५ तास, आणि हाताची एकूण क्षमता वाढायला ३० ते ४० तास लागतात असं दिसलं. हे आकडे हातांचे आहेत, पायांना जसेच्या तसे लावू नका. पण दोन गोष्टी कळतात. एक, तास लागतातच. दोन, तास मोजायचे ते मुलाने केलेल्या सरावाचे, केंद्रात घालवलेल्या वेळेचे नव्हे.

पहिल्या वेळी आमच्याकडून तीन आठवड्यांचे पैसे आगाऊ घेतले. रोज तीन तास. पाचव्या दिवशी माझी दुसरी पाळी होती म्हणून सकाळी मीच गेलो आणि सवयीने घड्याळ लावून बसलो. मशीन किती वेळ चालू आणि किती वेळ बंद हे मोजणं माझं रोजचंच काम. गरम शेक, ताणणं, सूट चढवणं, पट्टे लावणं, मोबाइलवर कार्टून लावून उभं करून ठेवणं, सूट काढणं. तीन तासांत लेकीने स्वतःहून काही केलं तो वेळ जेमतेम पस्तीस मिनिटं. थेरपिस्ट दर तीन दिवसांनी बदलायचे, प्रत्येक नवीन चेहऱ्याला ती पहिला तास रडायची. केंद्राचं नाव लिहीत नाही. असं दुसरीकडेही घडू शकतं, म्हणून घड्याळ तुमच्याजवळ ठेवा.

४. एकच काम ठरवा, आणि ते मोजून ठेवा

या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

"तिला चालता यावं" हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा. पहिल्या वेळी फॉर्मवर आम्ही हेच लिहिलं होतं. दुसऱ्या वेळच्या थेरपिस्ट मॅडमनी तसाच कागद परत दिला आणि विचारलं, "घरात दिवसातून किती वेळा उचलावं लागतं? सगळ्यात जास्त कुठे?" बायको म्हणाली, इमारतीच्या दारातल्या पायऱ्या. तीनच आहेत, पण दिवसातून चार वेळा, लेकीचं वजन चौदा किलो आणि बायकोच्या कमरेत चमक. मॅडम म्हणाल्या, मग तेच करू. एका हाताने कठडा धरून तीन पायऱ्या चढणं.

मग त्यांनी पायरीची उंची विचारली. मला सांगता येईना, लाज वाटली. घरी येऊन टेप लावली: अठरा सेंटीमीटर. केंद्रातली लाकडी पायरी होती दहाची. म्हणजे पहिल्या वेळी ती तीन आठवडे दहाच्या पायरीवर चढत होती आणि घरी आल्यावर अठराला अडत होती, आणि आम्ही म्हणत होतो की फरक पडला नाही! मी प्लायचे तुकडे कापून चार-चार सेंटीमीटरचे दोन थर केले, खाली रबर चिकटवलं आणि केंद्रात नेऊन दिले. दहा, चौदा, अठरा. पहिला आठवडा दहावर, मग एक थर, मग दुसरा.

सहाव्या दिवशीचं एक दृश्य सांगतो. चौदाची पायरी. लेकीने डाव्या हाताने कठडा धरला, उजवा पाय वर टाकला. डावा येईना. मॅडम बाजूला उभ्या, दोन्ही हात पाठीमागे धरून. बायको पुढे झाली तर तिला नजरेनेच थांबवलं. गुडघा वाकतोय, पाय फरशीला घासतोय, पुन्हा खाली. मी मनात आकडे मोजत होतो, एक्केचाळीसला पाय वर आला. आला तो वाकडा, चवड्यावर, पण आला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "परत." त्या दिवशी ती बावीस वेळा चढली.

तुमच्या मुलासाठी काम वेगळं असेल: पाटावर आधाराशिवाय बसून दोन्ही हातांनी खेळणं, कूस बदलून खेळण्यापर्यंत पोचणं, खुर्चीतून उठणं. मुलाच्या हालचालींची पातळी डॉक्टर जीएमएफसीएस या पाच पायऱ्यांच्या पद्धतीने सांगतात. पहिली सगळ्यात सौम्य, पाचवी सगळ्यात गंभीर. आमची दुसरी. पातळी विचारून घ्या, कारण काम त्या आवाक्यातलं हवं. पातळी बदलून देतो असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. थेरपी पातळीच्या आतलं आयुष्य सुधारते, पातळी सहसा बदलत नाही.

काम ठरल्यावर सुरुवातीच्या दिवशी त्याचा व्हिडिओ काढा. जागा तीच, कोन तोच, कपडे गुडघ्याच्या वर. शेवटच्या दिवशी पुन्हा तसाच. जमलं तर जीएमएफएम नावाची हालचालींची मोजणीही आधी आणि नंतर करून मागा.

५. केंद्र बघायला जाताना

मुलाला न नेता आधी एकदा जा आणि दुसऱ्या मुलाचं सेशन लांबून बघू देतात का विचारा. पालकांना आत घेतच नाहीत अशी जागा मी तरी नाकारेन. हे प्रश्न विचारा:

- तीनही आठवडे थेरपिस्ट एकच राहणार का?
- फिट येणाऱ्या मुलांबाबत काय काळजी घेता? आणि मूल आजारी पडलं तर राहिलेले दिवस पुढे ढकलता का?
- घरी काय करायचं ते कोण शिकवणार, कधी?
- पैसे आठवड्याला दिले तर चालतील का?

"तीन महिन्यांत धावेल" असं कोणी म्हणालं की चहा घ्या आणि निघा. स्टेम सेलचं इंजेक्शन थेरपीसोबत पॅकेजमध्ये देऊ करणारेही भेटतील. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सेरेब्रल पाल्सीसाठी ते मान्यताप्राप्त उपचार म्हणून दिलेलंच नाही. ऑक्सिजनच्या चेंबरचंही तसंच: २००१ मध्ये कॅनडातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शुद्ध ऑक्सिजन मिळालेली आणि किंचित दाबाची साधी हवा मिळालेली मुलं सारखीच सुधारली. आमच्या नात्यातल्या एकाने आम्हाला त्यासाठी उसने पैसे द्यायची तयारी दाखवली होती. नाही म्हणणं जड गेलं.

६. निघण्याआधीच्या तपासण्या, कागद आणि सामान

नितंबाच्या सांध्याचा, म्हणजे खुब्याचा, एक्स-रे आधी काढा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकी साधारण तिघांतल्या एकाचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकतो, न दुखता. पातळी जितकी गंभीर तितका धोका जास्त. सरकलेल्या खुब्यावर जोर देऊन पाय फाकवणं म्हणजे आगीत तेल. ताठर स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन द्यायचं ठरलं असेल तर थेरपीच्या तारखा त्याला जोडून घ्या. त्याचा परिणाम तीनेक महिने टिकतो आणि तोच काळ सरावाला मोलाचा.

फाइलमध्ये हे असू द्या:

- जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा अहवाल (फिल्म किंवा सीडीसकट), खुब्याचा एक्स-रे
- फिट येत असतील तर ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी), चालू औषधं आणि त्यांच्या वेळा
- डॉक्टरांची थेरपीला हरकत नसल्याची चिठ्ठी
- मुलाचा जन्मदाखला, मुलाचं आणि आईवडिलांचं आधार, रेशनकार्ड, फोटो
- यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) असल्यास त्याची प्रत

सामान: स्प्लिंट (पाय नीट धरून ठेवणारा साचा) आणि ती ज्यांत बसते ते बूट, लांब सुती मोजे दोन जोड, अर्धी चड्डी, बदलायचे कपडे, ओळखीचं एक खेळणं, पाण्याची बाटली, राजगिऱ्याची वडी किंवा केळं. भरल्या पोटी नेऊ नका, खाणं आणि सेशन यांत तासभर जाऊ द्या. आमची लेक एकदा मऊभात खाऊन लगेच उलटं लटकली. पुढचं सांगत नाही.

७. तारखा आणि रोजचं जाणं-येणं

मे महिना टाळा. गणपती ते दिवाळी टाळा, घरात पाहुणे असले की मूल झोपत नाही आणि आईलाही वेळ नसतो. आम्ही जानेवारी धरला आणि सकाळी आठची वेळ घेतली, ती चूक. नाशिकची जानेवारीतली सकाळ म्हणजे स्वेटरवर शाल. थंडीत ताठर स्नायू आणखी आवळतात, पहिला अर्धा तास अंग गरम होण्यातच जातो. चौथ्या दिवशी अकराची वेळ मागून घेतली.

प्रवास एका बाजूला अर्ध्या तासाच्या वर नको. द्वारका आणि मुंबई नाका ओलांडायचा असेल तर घड्याळ लावून आधी एक फेरी मारून बघा. सिंहस्थाच्या तोंडावर कुठला रस्ता कधी खोदलेला असेल याचा नेम नाही. बाहेरगावचे असाल तर केंद्राच्या जवळ खोली घ्या. रोज सिन्नर किंवा निफाडहून ये-जा करून मूल गाडीतच दमतं. आणि कंपनीत आधीच सांगून ठेवा. मी तीन आठवडे सलग दुसरी पाळी मागून घेतली. सुपरवायझरने कुरकुर केली, दिली.

रोजची नोंद ठेवा. माझी वही अशी: स्वतः हालचाल केलेली मिनिटं, कामाचे किती प्रयत्न, रात्रीची झोप, जेवण, रडणं. रडण्यातला फरक दोन दिवसांत कळायला लागतो. कंटाळ्याचं रडणं खेळ बदलला की थांबतं. दुखण्याचं थांबत नाही, मूल तोच सांधा धरून ठेवतं, रात्री दचकून उठतं. तसं दिसलं की त्याच दिवशी थांबवा आणि दाखवा. "रडल्याशिवाय सुधारत नाही" हे वाक्य मी तीन ठिकाणी ऐकलं. तिन्ही ठिकाणी म्हणणाऱ्याचं स्वतःचं मूल तिथे नव्हतं. दुसऱ्या आठवड्याच्या मध्याला थकवा येतोच, तेव्हा एक दिवस हलका घ्या.

आणि दुसरं भावंड असेल तर त्याला एक दिवस बरोबर न्या. पुतण्या आला त्या दिवशी लेकीने जेवढ्या पायऱ्या चढल्या तेवढ्या कोणी सांगून चढली नव्हती.

८. तीन आठवडे संपल्यावर

केंद्रात कमावलेलं घरी वापरलं नाही तर हळूहळू उतरायला लागतं. शेवटच्या आठवड्यात आई, बाबा आणि घरात दुपारी मुलाजवळ जे कोणी असतं त्या सगळ्यांनी एकेक सेशन स्वतः करून बघा. आमच्याकडे ती आजी होती. "मला काय कळतंय त्यातलं" म्हणत गेली आणि मॅडमना दोन गोष्टी शिकवून आली.

घरचं सामान पुरतं. पाटावरून उठणं-बसणं म्हणजे मांडीचा व्यायाम. परातीत गहू-हरभरा मिसळून दोन्ही हातांनी निवडणं, पोळपाटावर चिमुकली पोळी लाटणं. लहान मूल कडेवर घेताना पाय दोन्ही बाजूंना फाकतील असंच घ्या, दोन्ही पाय एका बाजूला लोंबकळतील असं नको. जमिनीवर बसताना पाय मागे दोन्हीकडे टाकून डब्ल्यूसारखं बसण्याची खोड असेल तर दर वेळी रागावण्यापेक्षा पाट पुढे सरकवा.

दोन गोष्टी घराबाहेर काढा. पहिली, चाकांचा गोल वॉकर, ज्यात मूल मधल्या झोळीत लोंबकळतं. त्यात पोरं चवड्यांवर ढकलत जातात, नेमकं जे नको तेच पक्कं होतं. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं, पण तोही फिजिओला विचारून. दुसरी गोष्ट, जोर लावून पाय उघडणारी मालिश. न्हाऊ घालणाऱ्या मावशींचा हेतू चांगला असतो. तेल लावू दे, खेचू देऊ नका.

आम्ही पायऱ्यांचा नियम केला: वर येताना तिला उचलायचं नाही, कितीही घाई असो. पहिल्या आठवड्यात तीन पायऱ्यांना चार मिनिटं लागायची, मागे दूधवाला खोळंबायचा. आता ती त्यालाच "थांबा काका" म्हणते.

इंटेन्सिव्हचा पुढचा ब्लॉक लगेच घेऊ नका. मधे नेहमीची थेरपी, शाळा, खेळ चालू द्या आणि नवीन काम सुचलं की मगच विचार करा. आम्ही वर्ष-दीड वर्षाचं अंतर ठेवलंय.

९. पैशांची बाजू

हे भराभर सांगतो, कारण यात हुशारी लागत नाही, फेऱ्या लागतात.

यूडीआयडीसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सिव्हिलच्या बोर्डासमोर तपासणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, बहुतेक सवलती ४० टक्के दिव्यांगत्वापासून पुढे. लहान वयात प्रमाणपत्र बहुतेकदा मुदतीचं मिळतं. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. बोर्डाचा वार आधी विचारून जा. आम्ही चुकीच्या वारी दोनदा जाऊन आलो.

केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात बाह्यरुग्ण थेरपीही येते, तिची वेगळी कमाल मर्यादा असते. थेरपीची बिलं लेटरहेडवर, तारीख, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह घ्या. साध्या पावतीवर दावा अडतो. जुन्या करपद्धतीत असाल तर दिव्यांग अपत्यासाठी ८० डीडी या नावाने ओळखली जाणारी वजावट ७५ हजारांची, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. सेरेब्रल पाल्सीसाठी त्याला वैद्यकीय दाखल्याचा ठरावीक फॉर्म लागतो, जुन्या आयकर कायद्यात त्याचं नाव १०-आयए. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. महापालिकेत दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो, त्यातून काय चालू आहे ते राजीव गांधी भवनात विचारा. सीपी चेअर (आधार देणारी खुर्ची), रोलेटर (धरून चालायची चाकांची चौकट) अशी साधनं केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून अलिम्को या सरकारी कंपनीच्या शिबिरांत मिळतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, शिबिर जाहीर झाल्यावर सेतूत रांग लागते.

१०. स्प्लिंट आणि बूट

हे शेवटी लिहितोय, पण कामाला रोज येतं. स्प्लिंट काढल्यावर कातडीवर लालसर वळ दिसतो. वीस-तीस मिनिटांत गेला तर ठीक. राहिला, किंवा फोड आला, तर स्प्लिंट दुरुस्तीला न्या, "सवय होईल" म्हणून रेटू नका. मूल वाढतं, स्प्लिंट वाढत नाही. बोटं पुढच्या कडेला पोचली की नवीन माप द्या.

मेनरोडला बूट घ्यायला जाताना स्प्लिंट पिशवीत घालून न्या आणि ती चढवूनच माप द्या, एक ते दोन नंबर मोठा लागतो. आतला जाड सोल काढता येणारा, पुढून बोटांपर्यंत उघडणारा आणि नाडीऐवजी पट्टीचा बूट मागा. दोन पायांची मापं वेगळी असतील तर दुकानदार दुसराही जोड घ्यायचा आग्रह करेल. आमच्या लेकीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा अर्ध्या नंबरने लहान आहे, आम्ही त्या बुटात पुठ्ठ्याची टाच घालतो.